टक् आवाज आणि अठरा मिनिटं पन्नास सेकंद

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आचऱ्याचे एक काका सीपीयूचा अख्खा डबा रिक्षात घालून मालवणला माझ्या दुकानात आले. निवृत्त मास्तर. डब्याला जुनी चादर गुंडाळलेली, वरून सुंभाची दोरी. तक्रार एका वाक्याची: "ह्या मशीन माझ्यो टेपी खाता."

टेपा एकूण ४४, सगळ्या मिनीडीव्ही, म्हणजे हँडीकॅमच्या छोट्या डिजिटल कॅसेटी. काकांनी २००२ साली सोनीचा हँडीकॅम घेतला आणि पुढची सात-आठ वर्षं गावातलं दिसेल ते टिपलं. शाळेची गॅदरिंगं, चार-दोन लग्नं, आणि मुख्य म्हणजे जत्रेतले रात्र-रात्र चालणारे दशावतार. त्या नाटकांत पायपेटी वाजवणारे, संकासुराचं सोंग आणणारे बरेचजण आता राहिले नाहीत. पुण्याच्या नातवाला हे सगळं हवं होतं आणि काकांना ते मिरगाच्या आत उरकायचं होतं, कारण पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलेवर बुरशी येते तिथं टेपेची काय कथा.

मशीन दुसऱ्या पिढीचं आय३, ४ जीबी रॅम, आधी विंडोज ७ होतं. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चा सपोर्ट संपल्यावर कुणीतरी त्यावर विंडोज १० चढवलं. पीसीआय स्लॉटमध्ये कॅमेरा जोडायचं फायरवायरचं कार्ड. माझ्याकडे येण्याआधी एका दुकानात त्याला दोनदा फॉरमॅट मारून झाला होता. आमच्या धंद्यात फॉरमॅट म्हणजे पॅरासिटामॉल आहे, कुठल्याही तापावर देतात. मीही देतो, खोटं कशाला बोलू.

दुकानात मी काकांचाच कॅमेरा जोडला, एक टेप लावली, दहा मिनिटं कॅप्चर केली, म्हणजे मशीनमध्ये उतरवली. काही झालं नाही. मग रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबरने पाय घासले (समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आतलं मशीन असलं की हे मी न विचारता करतो), रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर ठेवला. एकही चूक नाही. हार्डडिस्कचा स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) स्वच्छ. तीन दिवस मशीन दुकानात होतं, एकदाही पडलं नाही.

काकांना मशीन परत दिलं आणि सोबत एक शंभर पानी वही. म्हटलं, मशीन पडलं की फक्त चार गोष्टी लिहा: वार नि वेळ, टेपेचा नंबर, किती मिनिटं झाली होती, आणि पडद्यावर नेमकं काय दिसलं. मास्तरांना वही भरायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. पाच दिवसांनी मी आचऱ्याला गेलो तेव्हा आखलेले रकाने तयार होते. त्यातल्या काही ओळी अशा:

"मंगळ, स. ९.४०. टेप ४. १८ मि. ५० से. चित्र थांबले. माऊस फिरतो, पण प्रोग्रॅम ऐकत नाही. बटण दाबून बंद केले."

"मंगळ, सायं. ५.०५. टेप ४ पुन्हा. ७ मि. एकदम काळोख. आपोआप पुन्हा चालू."

"बुध, स. ८.१५. टेप ५. कॅमेऱ्याचे बटण फिरवताच निळी पाटी."

"बुध, स. ९.००. टेप ५. १८ मि. ५० से. मंगळवारसारखेच."

"गुरु, सायं. ५.१०. टेप ६. ११ मि. काळोख. आपोआप चालू."

काकांच्या भाषेत या सगळ्याला एकच शब्द होता, 'बंद पडला'. आधीच्या दुकानदाराच्या भाषेतही एकच, 'क्रॅश'. पण पडदा गोठणं, निळी पाटी येणं आणि काळोख होऊन मशीन स्वतःहून उठणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. एकाच घरात तीन आजारी असले तर तिघांना एकच गोळी देऊन चालत नाही, आणि आम्ही तेच करत होतो.

सगळ्यात सोपं होतं ते १८ मिनिटं ५० सेकंदांचं. बिघाड इतका वक्तशीर नसतो. वेळ सेकंदाला जुळते म्हणजे कुठलीतरी मर्यादा भरते आहे. वहीच्या मागच्या पानावर काकांसमोरच हिशेब मांडला. पाल पद्धतीच्या (आपल्याकडच्या टीव्हीच्या) डीव्हीची एक फ्रेम १,४४,००० बाइटची. सेकंदाला २५ फ्रेमी, म्हणजे ३६ लाख बाइट. कार्डाबरोबर आलेलं जुनं कॅप्चर सॉफ्टवेअर एव्हीआय फाइलमध्ये आवाजाची आणखी एक वेगळी प्रत ठेवतं, ती सेकंदाला १,९२,००० बाइट. बेरीज ३७,९२,०००. आता फॅट३२ या जुन्या मांडणीच्या डिस्कवर एक फाइल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, म्हणजे साधारण ४२९ कोटी ४९ लाख बाइट. भागाकार करा: ११३२ सेकंद. अठरा मिनिटं बावन्न सेकंद. फाइलीतली इतर किरकोळ नोंद धरली की काकांचा आकडा आलाच.

मास्तरांनी भागाकार स्वतः पुन्हा करून पाहिला आणि मगच मान हलवली.

फाइल जात होती ती टीव्हीला लावायच्या जुन्या ५०० जीबीच्या बाहेरच्या डिस्कवर. ती कारखान्यातूनच फॅट३२ करून आलेली. तशा डिस्का त्या काळात सर्रास यायच्या, कारण टीव्ही, डीव्हीडी प्लेयर, मॅक, विंडोज सगळ्यांना ती वाचता यायची. अर्धी डिस्क रिकामी असल्यामुळे 'जागा नाही' ही शंका कुणाच्या मनात आली नव्हती. यात मशीनचा काही दोष नव्हता. सॉफ्टवेअर बिचारं लिहायला जागा मागत अडून बसायचं आणि काका पॉवरचं बटण दाबून धरायचे. चालू डिस्कवर असं बटण दाबणं वाईटच. मी डिस्कवरचं सगळं दुसरीकडे उतरवून ती एनटीएफएस, म्हणजे ही मर्यादा नसलेल्या मांडणीची, केली आणि कॅप्चरसाठी विनडीव्ही हे छोटं मोफत सॉफ्टवेअर टाकलं. त्यात किती फ्रेमी सुटल्या ते डोळ्यासमोर दिसतं, बाकी भपका नाही.

निळ्या पाटीला जरा वेळ लागला, पण फार नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ नावाची नोंद असते. मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं की ती पडते. पुष्कळ लोक ती पाहून "पॉवरचा प्रॉब्लेम" म्हणतात आणि तिथंच थांबतात. ती नोंद उघडून आत बगचेक कोड बघायचा असतो. बुधवार सकाळच्या नोंदीत तो २०९ होता. हेक्साडेसिमलमध्ये लिहिला की डी१, म्हणजे ड्रायव्हरने नको त्या वेळी नको त्या मेमरीला हात घातला. विंडोज पडताना ठेवतं ती मिनीडम्पची फाइल उघडली तर नाव १३९४ओएचसीआय.सिस, फायरवायरचा ड्रायव्हर. मंगळवार-गुरुवार संध्याकाळच्या नोंदींत मात्र कोड शून्य. शून्य म्हणजे विंडोजला मरताना चिठ्ठी लिहायलाही वेळ मिळाला नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

फायरवायर, म्हणजेच आयईईई १३९४, सोनीवाले त्याला आय-लिंक म्हणायचे. विंडोज ७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा नवीन ड्रायव्हर आणला, पण जुनाही 'लेगसी' नावाने सोबत ठेवला होता. विंडोज ८ पासून जुना काढून टाकला. पुष्कळ जुने कॅमेरे आणि कार्डं नव्याशी गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. कॅमेरा चालू-बंद केला की बस (दोघांमधला संवादाचा मार्ग) रीसेट होते आणि तिथं गाडी अडते. जुना ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने नंतर वेगळा डाउनलोड म्हणून दिला होता. तो नुसता बसवून चालत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन यादीतून 'लेगसी' असं लिहिलेला हाताने निवडावा लागतो. विंडोजचं मोठं अपडेट आलं की तो पुन्हा नवा होऊन बसतो, तेही बघावं लागतं. निवडला, कॅमेऱ्याचं बटण वीस वेळा फिरवलं. पाटी आली नाही, पुढेही कधी आली नाही.

जाता जाता वायरीबद्दल. कॅमेऱ्याच्या बाजूचं टोक छोटं, चार पिनांचं. कार्डाच्या बाजूचं मोठं, सहा पिनांचं, आणि त्यातल्या दोन पिनांत वीज असते. ते टोक जोर लावून उलटं घुसवता येतं आणि घुसवलं की कॅमेऱ्याचा पोर्ट जळतो. दोन्ही यंत्रं बंद ठेवून जोडावं. आणि ऑनलाइन तीनशे रुपयांना मिळणारी 'फायरवायर ते यूएसबी' वायर घेऊ नये. नातवाने एक पाठवली होती. आत पिनेला पिन जोडलेली नुसती तार असते. दोन्हीकडची बोलण्याची पद्धतच वेगळी असल्यामुळे तिच्यातून डीव्ही येत नाही. काकीने ती सध्या पडवीत पडद्याला लावली आहे.

राहिला काळोख, आणि इथं मी स्वतः शेण खाल्लं.

विनडीव्हीला डीव्ही उतरवायला प्रोसेसर जवळजवळ लागतच नाही, सेकंदाला चार एमबीसुद्धा नाहीत. पण काका वेळ वाचवायला एक टेप उतरत असताना आधीच्या टेपेचं हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये एमपी४ (मोबाइलवर चालणारी लहान फाइल) करत ठेवायचे. त्याला प्रोसेसर शंभर टक्के लागतो. एप्रिल, कौलारू घर, डब्याला हवा कमी. मी तापमान पाहिलं तर ९४ अंश. डबा उघडला. प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये धूळ आणि खारा दमटपणा मिळून नमद्यासारखा थर, एक वाळलेली पाल, आणि मुख्य म्हणजे पंखा धरून ठेवणाऱ्या चार पांढऱ्या खुंट्यांपैकी एक सुटून वर आलेली. हीटसिंक एका बाजूने उचललेला. खालची थर्मल पेस्ट खडूसारखी भुगा झालेली. सगळं साफ केलं, नवी पेस्ट, खुंटी 'कट' आवाज येईपर्यंत दाबली. ६८ अंश. मी हात धुतले, काकीने दिलेलं कोकम सरबत प्यायलो आणि विजयी मुद्रेने मालवणला परतलो.

दुसऱ्या दिवशी पाच वाजून बारा मिनिटांनी काकांचा फोन. "बंद पडलो."

त्याआधीच एक गोष्ट माझ्या लक्षात यायला हवी होती. इंटेलचा प्रोसेसर तापला तर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि अगदीच टोकाला गेला तर मशीन बंद करून टाकतो. बंद म्हणजे बंद. वहीत दोन्ही वेळा मास्तरांनी स्वच्छ लिहिलं होतं, 'आपोआप चालू'. जे स्वतः उठून बसतं त्याची वीज क्षणभर डुचमळलेली असते. शिवाय दोन्ही वेळा पाचच्या आसपासच्या. आणि दुकानात मशीन तीन दिवस ठणठणीत. मी वही लिहायला लावली आणि स्वतःच ती नीट वाचली नाही.

पुन्हा आचऱ्याला गेलो, मुद्दाम साडेचारला. काका, मी आणि मशीन, तिघं वाट बघत बसलो. काकी मागच्या दारी गेली. थोड्या वेळात यूपीएसमधून 'टक्' असा आवाज आला आणि पडदा काळा. पण मॉनिटरचा दिवा चालूच. यूपीएसचाही चालू. फक्त सीपीयू गेला आणि तोच परत उठला.

काकी आत येऊन म्हणाली, "मी पंप लावलंय काय तुमचा मशीन मरता."

काका उखडले. "मगे सांगूक नाय?"

"माका कोणी इचारल्यान?"

विहिरीवरचा एक एचपीचा पंप, संध्याकाळी पाचला माड-पोफळींच्या शिंपण्यासाठी लावायचा. मोटर सुरू होताना चालण्याच्या करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते, तेवढ्यापुरता घरातला व्होल्टेज बसतो. मीटर मिनिमम होल्डवर (सगळ्यात खालचा आकडा धरून ठेवतो तसा) ठेवून काकीला पुन्हा पंप लावायला सांगितला: आधी १९२, सुरू होताना १४८. आपल्याकडे अधिकृत आकडा २३०, पण लाइनच्या टोकाच्या वाडीला तो संध्याकाळी कोण देतो. १४८ ला यूपीएसने लाइन सोडून बॅटरी धरली, तोच 'टक्'. यूपीएसमधली रिले इकडून तिकडे उडते तो आवाज. त्याचं काम त्याने बरोबर केलं. मॉनिटर तगला याचा अर्थ वीज मिळत होती.

मग सीपीयूच का पडला? साध्या यूपीएसला लाइनवरून बॅटरीवर उडी मारायला काही मिलिसेकंद लागतात, बहुधा दहाच्या आत. तेवढा वेळ मशीनला एसएमपीएसने, म्हणजे डब्यातल्या पॉवर सप्लायने, सांभाळायचं असतं. त्याच्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज असते; चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो असं त्या काळच्या एटीएक्सच्या (डब्यातल्या पॉवर सप्लायच्या) मापदंडात धरलेलं होतं. पण कपॅसिटर उष्णतेने सुकत जातो तशी त्याची साठवण घटते. आणि एमपी४ बनत असताना प्रोसेसर पूर्ण जोरात, म्हणजे साठा आणखी लवकर संपतो. पंप, यूपीएस, म्हातारा एसएमपीएस आणि हँडब्रेक, चौघं एकत्र आले की काळोख. एकटा कुणीही काही करू शकत नव्हता, म्हणून तर दुकानात काही सापडलं नाही.

हे नुसतं बोलून पटण्यासारखं नव्हतं, म्हणून तपासलं. कॅप्चर बंद, हँडब्रेक चालू, आणि यूपीएसची पिन भिंतीतून उपटली. मशीन रीस्टार्ट. हँडब्रेक बंद करून पुन्हा उपटली. मशीन टिकलं. दुकानातून नेलेला दुसरा एसएमपीएस जोडला, हँडब्रेक पूर्ण जोरात, पिन उपटली. टिकलं. तीनदा केलं, तीनदा टिकलं. जुन्या एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारला तर आत दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली. तो डबा मी उघडला नाही आणि कुणी उघडूही नये. वायर काढल्यावरही आत जीवघेणा व्होल्टेज राहू शकतो.

नवा ४५० वॅटचा एसएमपीएस आणि यूपीएसला नवी १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी, एवढाच खर्च. तोवर दोन दिवस पंपाची वेळ बदला असं मी सुचवलं होतं. त्यावर काकी एवढंच म्हणाली, "मगे माडांका पाणी कधी घालू? मध्यान्रातीक?"

मशीन ठीक झाल्यावर टेपांचं खरं काम सुरू झालं. प्रत्येक टेप आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घेतली, वर्षानुवर्षं एका जागी राहिल्याने टेपेचा ताण कमी-जास्त झालेला असतो. बारा टेपा एलपीवर, म्हणजे लाँग प्लेवर, निघाल्या. दशावतार रात्रभर चालतो, टेप महाग, म्हणून काकांनी साठ मिनिटांच्या टेपेवर नव्वद मिनिटं बसवली होती. एलपीत टेप हळू फिरते, ट्रॅकची रुंदी १० वरून ६.७ मायक्रॉनवर येते, म्हणून ती ज्या कॅमेऱ्यात भरली त्यातच बहुधा धड चालते. काकांनी जुना हँडीकॅम फेकला नव्हता ही मोठी कृपा. चित्रात मध्येच चौकोनी तुकड्यांचे पट्टे आले की हेड कळकटलं समजायचं. क्लीनिंग टेप दहा सेकंद फिरवायची, जास्त नाही, ती हेड घासत असते.

तीन टेपांच्या खिडकीतून कडेला पांढरे ठिपके दिसले. बुरशी. त्या कॅमेऱ्यात घातल्याच नाहीत. एक बुरशीची टेप हेड बिघडवते आणि पुढच्या दहा टेपांना लावून ठेवते. त्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर वेगळ्या डब्यात ठेवल्या, ज्यांच्याकडे टेप साफ करायची सोय आहे त्यांच्याकडे जातील. उरलेल्या ४१: एकोणतीस एसपी (नेहमीच्या वेगाच्या), बारा एलपी, भरलेल्या धरल्या तर ४७ तास. तासाला साडेतेरा जीबीच्या थोडं वर, म्हणजे सगळं मिळून ६४० जीबीच्या आसपास. १ टीबीच्या दोन डिस्का घेतल्या, एक आचऱ्याला, एक पुण्याला. एमपी४ मोबाइलवर बघायला ठेवा, पण मूळ डीव्ही फाइल पुसू नका, हे काकांना दोनदा सांगितलं. नातवाला तीनदा.

मे संपता संपता काकांनी वही परत आणून दिली. शेवटच्या पानावर टेप ३८, एलपी, जत्रेतली रात्र. रकान्यात लिहिलं होतं:

"सायं. ५.०८. ४६ मि. पंप चालू. टक्. काही झाले नाही. संकासुर आला."